बोक्याचं रक्त पुन्हा पुन्हा वाहतंय? दर वेळी नवी जखम शोधू नका

चार महिन्यांचा असताना गोट्याचा दुधाचा दात पडला आणि पुढचे दोन दिवस त्याच्या पाण्याच्या वाटीत लालसर रंग दिसत राहिला. दात पडतायत, होतं असं, म्हणून आम्ही सोडून दिलं. पाचव्या महिन्यात लस टोचली, त्या जागी संध्याकाळपर्यंत लिंबाएवढी मऊ गाठ आली. सुईची रिअॅक्शन, दोन दिवसांत बसेल, असं कळलं आणि ती बसलीही. सहाव्या महिन्यात कपाटावरून उडी मारल्यावर पुढचा पाय उचलून धरू लागला. एक्स-रेत हाड शाबूत होतं, मुका मार म्हणून दुखण्याचं औषध मिळालं. आठव्या महिन्यात नसबंदी झाली. दुपारी घरी आणला तेव्हा जागा कोरडी होती, आणि रात्री दहाला टोपलीतली चादर भिजलेली होती.

पाच महिन्यांत चार तक्रारी, चार वेगळी निदानं, आणि प्रत्येक निदान त्या त्या दिवसापुरतं पटण्यासारखं. गेली अकरा वर्षं मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या गल्लीतल्या मांजरांना सांभाळते आहे. तरी हे चार प्रसंग एका ओळीत मांडून पाहायचं मला सुचलं नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी टाका पुन्हा घातला, दाबपट्टी बांधली, रक्त थांबलं, आणि पहाटे परत सुरू झालं. सकाळी दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखमेकडे पाहायच्या आधी विचारलं, "ताई, ह्याचे भाऊ कुठे आहेत?"

भाऊ एकच होता, काळा. तीन महिन्यांचा असताना जिन्याच्या कठड्यावरून पडला, फार उंचीवरूनही नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याचं पोट फुगलं होतं. आम्हाला वाटलं, आतून मार लागला असेल.

ज्यांचं मांजर, विशेषतः ज्यांचा बोका, वर्षाच्या आत दोनदा किंवा जास्त वेळा वेगवेगळ्या जागी रक्ताळला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. जागा बदलत असेल तर दोष जागेत नसतो. तो रक्त साकळण्यात असू शकतो, आणि तो हिमोफिलियासारखा जन्मजात असू शकतो. पुढची सुई किंवा पुढचं ऑपरेशन व्हायच्या आत हे तपासायला हवं.

आधी आज रात्रीचं

रक्त आत्ता चालू असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी करून त्या जागी बोटांनी सलग दहा मिनिटं दाबून धरा. घड्याळ समोर ठेवा. दर मिनिटाला कापड उचलून पाहिलं की धरू लागलेली गुठळी त्याच्याबरोबर निघून येते. हळद, तुरटी, कॉफीची पूड यांतलं काही भरू नका. मांजर ते चाटणार, आणि त्याच्या खरखरीत जिभेनंच जखम पुन्हा उघडणार. गळ्यात कॉलर घाला, बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ धरा, आणि त्याला छोट्या पिंजऱ्यात किंवा टोपलीत ठेवा, म्हणजे उड्या थांबतील.

दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराचं यकृत पचवू शकत नाही, माणसाची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. अॅस्पिरिन प्लेटलेटना निकामी करतं. मागच्या वेळचं उरलेलं दुखण्याचं औषधही नको. त्या गटातल्या बऱ्याच औषधांनी प्लेटलेट थोड्याफार मंदावतात, आणि आधीच गळणाऱ्या भांड्याला आणखी एक भोक पडतं.

मग हिरड्या पाहा. गुलाबी आहेत की कागदासारख्या पांढुरक्या? बोटानं दाबून सोडल्यावर रंग लगेच परत येतो का? श्वास मोजा. शांत झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला 30 च्या आत असतो. तो 40 च्या वर गेला, तोंड उघडून धाप लागली, पोट अचानक ताठ किंवा गोल झालं, कान-पंजे गार पडले, तर बाहेर दिसणारं रक्त थोडं असलं तरी आत साठत असेल. सकाळची वाट पाहू नका. मांजराच्या अंगात किलोला सुमारे 60 मिलिलिटर रक्त असतं. तीन किलोच्या बोक्याचं सगळं रक्त दोन-अडीच कटिंग चहाएवढं भरेल. भिजलेली एक चादर त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

उंदराचं औषध आधी आठवा

जन्मजात दोषाकडे वळण्याआधी नेहमीची कारणं बाजूला काढावी लागतात, आणि आपल्याकडे पहिलं कारण उंदराचं औषध. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले गटाराच्या झाकणापाशी, मीटरच्या खोलीत केक ठेवून जातात. त्यात बहुतेक वेळा ब्रोमाडायोलोनसारखं रक्त पातळ करणारं औषध असतं. मांजर तो केक सहसा खात नाही. केक खाऊन सुस्तावलेला उंदीर मात्र खातं. हे औषध व्हिटॅमिन के परत वापरात आणण्याची यकृतातली सोय बंद पाडतं. रक्तात आधीपासून असलेले साकळवणारे घटक संपेपर्यंत दोन-चार दिवस काही दिसत नाही, मग एकदम नाकातून, लघवीतून, छातीत रक्त येतं. त्यामुळे आज काय खाल्लं हे विचारून उपयोग नाही. गेल्या आठवड्यात आवारात पेस्ट कंट्रोल झालं होतं का, हे वॉचमनला विचारा.

ह्याचा उपाय व्हिटॅमिन के-1, आणि तोही तीन-चार आठवडे, कारण हे विष अंगात दीर्घकाळ राहतं. बाटलीवर फायटोमेनाडायोन हे नाव असायला हवं. मेनाडायोन म्हणजे के-3. ते ह्या विषावर कामाचं नाही, मांजराला उलट अपाय करतं. केमिस्टकडे नुसतं "व्हिटॅमिन के द्या" म्हणालात तर काय हातात येईल सांगता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून घ्या. गोळ्या संपल्यावर दोन दिवसांनी साकळण्याची तपासणी पुन्हा करायची. तो आकडा ठीक आला तरच सुटका झाली असं धरायचं.

जन्मजात दोषाचा आणि विषाचा मोठा फरक इतिहासात दिसतो. विष धडधाकट मांजराला एकदा गाठतं. जन्मजात दोष दुधाच्या दातांपासून खुणा ठेवत येतो. अपवाद डेव्हॉन रेक्स ह्या जातीचा. तिच्यातल्या काही मांजरांत व्हिटॅमिन के वापरणारं एन्झाइमच जन्मतः अधू असतं. रिपोर्ट विष खाल्ल्यासारखा येतो, आणि के-1 दिल्यावर सुधारतो. ठाण्यात ही जात क्वचितच दिसते, पण विकत आणलेल्या कुरळ्या केसांच्या पिल्लाबाबत हे लक्षात ठेवा.

यकृताचं दुखणं असलं, मांजर आठ-दहा दिवस जेवलेलं नसलं, डोळे-हिरड्या पिवळ्या दिसत असल्या, तरीही रक्त साकळत नाही. ते डॉक्टर लगेच ओळखतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

प्लेटलेटबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण इथे अनेकांचा आठवडा वाया जातो. मांजराच्या प्लेटलेट काढलेल्या रक्तात एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या पुंजक्याला एक पेशी समजतं, किंवा मोजतच नाही, आणि रिपोर्टवर 40 हजार छापून येतात. प्रत्यक्षात त्या दोन-तीन लाख असतात. आकडा कमी आला तर घाबरून औषध सुरू करण्याआधी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून कोणीतरी डोळ्यांनी पाहिला का, हे विचारा. प्लेटलेट खरोखर कमी असतील तर अंगावर तशी खूण दिसते. पोटाच्या कातडीवर, कानाच्या आत, हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. गोट्याच्या अंगावर ठिपका कधीच नव्हता. त्याच्या गाठी मोठ्या, मऊ आणि खोल असायच्या, आणि रक्त आधी थांबून काही तासांनी पुन्हा सुरू व्हायचं.

"दुपारी कोरडं, रात्री ओलं" ह्या चालीला अर्थ आहे. जखम झाली की आधी प्लेटलेट धावतात आणि कच्चं बूच बसवतात. त्याच्यावर फायब्रिनचं जाळं विणलं गेलं की बूच पक्कं होतं. हे जाळं विणायला साकळवणारे घटक, म्हणजे रक्तातली क्रमांकानं ओळखली जाणारी प्रथिनं, एकामागून एक कामाला लागतात. आठवा किंवा नववा घटक नसेल तर कच्चं बूच बसतं, जाळं विणलं जात नाही, आणि काही तासांनी बूच सुटतं. त्यामुळे टाका घालणाऱ्याला काही चुकलंय असं वाटत नाही. ऑपरेशनच्या वेळी रक्त खरंच थांबलेलं असतं. पहिल्या डॉक्टरांवर मी त्या रात्री खूप चिडले होते. आता समजतं की त्यांच्या टाक्यात खोट नव्हती. ऑपरेशनच्या आधी मागच्या तीन घटना कोणी विचारल्या नाहीत, आणि मीही सांगितल्या नाहीत, खोट तिथे होती.

नमुना बिघडला तर रिपोर्ट बिघडतो

मागायच्या तपासण्या दोन, पीटी आणि एपीटीटी. रक्त साकळायला किती वेळ लागतो ते दोन्ही वेगवेगळ्या वाटेनं मोजतात. माणसांच्या लॅबमध्येही त्या होतात, पण मांजराच्या बाबतीत चार ठिकाणी घोटाळा होतो.

रक्त फिक्या निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत घ्यायचं, आणि नळीवरच्या खुणेपर्यंत भरायचं. प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं असतं, म्हणजे 1.8 मिलिलिटर रक्ताला 0.2 मिलिलिटर. मांजर धडपडतं, रक्त कमी निघतं, "चालेल एवढं" म्हणून अर्धी नळी पाठवली जाते. मग सायट्रेट जास्त होऊन निरोगी मांजराचाही आकडा लांबतो. छोट्या बाळांसाठी लहान नळ्या मिळतात, त्या आधीच मागवून ठेवा.

दुसरं, सुई एकाच प्रयत्नात शिरेत जायला हवी. चार वेळा टोचून काढलेल्या रक्तात साकळणं सुरू झालेलं असतं. नळीत छोटीशी गुठळी दिसली तरी तो नमुना टाकून द्यायचा. तिसरं, जागा. संशय असेल तर मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त काढू देऊ नका. तिथे रक्त खोल साठलं तर श्वासनळीवर दाब येतो, आणि तिथे नीट दाबूनही धरता येत नाही. पुढच्या किंवा मागच्या पायाच्या शिरेतून बारीक सुईनं घ्यायचं आणि नंतर पाच मिनिटं दाबून धरायचं. ती पाच मिनिटं मी स्वतः धरते, कंपाउंडरदादांवर सोडत नाही, त्यांना पुढचा पेशंट असतो.

चौथी गोष्ट सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केली जाणारी. त्याच वेळी एका निरोगी मांजराचाही नमुना तशाच नळीत घेऊन सोबत पाठवा. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा माणसांची असते. मांजराचे आकडे यंत्रागणिक, रसायनागणिक बदलतात. शेजारच्या काकूंच्या मनीचा एपीटीटी त्याच यंत्रावर त्याच तासाला किती आला, ह्याच्याशी तुमच्या बोक्याचा ताडून पाहायचा. काकू आधी कां-कू करत होत्या, पण मनीला शाबासकी आणि मासा मिळाला, तेव्हा त्यांचं मन वळलं.

नमुना उन्हात, डिकीत ठेवून तीन हात फिरवू नका. घोडबंदर रोडच्या टोकाहून किंवा खारघरहून आणायचा असेल तर प्लाझ्मा तिथेच वेगळा करून गोठवून पाठवता येतो का, ते आधी विचारा.

रिपोर्ट हातात आल्यावर

पीटी आणि एपीटीटी दोन्ही लांबले असतील तर संशय विषाकडे, यकृताकडे, व्हिटॅमिन केच्या कमतरतेकडे जातो. पीटी एकटाच लांबला असेल तर विषाची सुरुवात असू शकते, कारण सातवा घटक सगळ्यांत आधी संपतो आणि पीटी त्याच्यावर चालतो. क्वचित सातव्याच घटकाचा जन्मजात अभाव असतो. दोन्ही नीट, प्लेटलेटची संख्याही नीट, आणि तरी हिरड्यांतून, नाकातून रक्त येत असेल, तर प्लेटलेट संख्येनं पुऱ्या पण कामाला अधू असतील. धुरकट निळसर रंगाच्या, फिक्या पिवळट-हिरव्या डोळ्यांच्या पर्शियन मांजरांत चेडियाक-हिगाशी नावाचा असा वंशागत दोष आढळला आहे. माणसांत आणि कुत्र्यांत वारंवार दिसणारा फॉन विलेब्रांड मांजरांत दुर्मीळ आहे.

पीटी नीट आणि एपीटीटी एकटाच लांबलेला, हा गोट्याचा रिपोर्ट. मनीचा जेवढा आला त्याच्या तिपटीजवळ त्याचा होता. ह्या चित्रात आठवा, नववा, अकरावा आणि बारावा घटक येतात, आणि त्यातल्या बाराव्यानं लोकांची फसगत होते. मांजरांत बाराव्या घटकाचा जन्मजात अभाव बऱ्यापैकी आढळतो आणि त्यानं रक्त अजिबात वाहत नाही. नळीत साकळायला वेळ लागतो, अंगात सगळं सुरळीत चालतं. ह्या घटकाला हेगमन म्हणतात. 1955 साली ज्यांच्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला ते जॉन हेगमन रेल्वेत कामाला होते. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत त्यांचं रक्त साकळायला फार वेळ लागला, रक्तस्रावाचा त्रास मात्र त्यांना कधी झालेला नव्हता. 1968 मध्ये ते गेले ते फुप्फुसात गुठळी अडकून.

म्हणून तुमच्या मांजराला कधीच रक्ताचा त्रास झालेला नाही आणि नसबंदीच्या आधी सहज केलेल्या तपासणीत एपीटीटी लांब आला, तर रडू नका, आणि त्याला हिमोफिलिया झाला असंही ठरवू नका. इतिहास कोरा असेल तर बहुधा बारावा घटक कमी असतो. तरी ऑपरेशनच्या आधी घटकाची वेगळी तपासणी करता येत असेल तर करून घ्यावी, कारण घरात बसून वाढलेल्या, कधी न पडलेल्या मांजराचा इतिहास नुसता निवांतपणामुळेही कोरा असू शकतो.

आणि उलट, इतिहास गोट्यासारखा असेल, मांजर नर असेल, तर आठवा किंवा नववा. आठव्याचा अभाव म्हणजे हिमोफिलिया ए, नवव्याचा म्हणजे हिमोफिलिया बी. बीला ख्रिसमस आजार असंही म्हणतात, सणावरून नव्हे, 1952 साली ज्याच्यात तो वेगळा ओळखला गेला त्या स्टीफन ख्रिसमस ह्या मुलाच्या आडनावावरून. गोट्याच्या प्लाझ्मात मनीचा प्लाझ्मा निम्मा मिसळून तपासणी पुन्हा केली, एपीटीटी नीट झाला. म्हणजे त्याच्या रक्तात काही अडथळा आणणारं नव्हतं, काहीतरी कमी होतं आणि ते मनीकडून मिळालं. आठवा की नववा हे वेगळं पाहण्यासाठी पुन्हा रक्त काढावं लागलं असतं. त्या आठवड्यात त्याच्या अंगातलं प्रत्येक थेंब मोलाचं होतं, आणि लागलीच करायचा उपचार दोन्हींसाठी एकच होता.

रक्त द्यायची वेळ आली तर

मांजरांचे रक्तगट ए, बी आणि एबी. ओ नाही, म्हणजे कोणालाही चालेल असा दाता मांजरांत नाही. कुत्र्याला पहिल्या वेळी अनोळखी रक्त बरेचदा निभावून जातं, ही ऐकीव माहिती मांजराला लावू नका. बी गटाच्या मांजरात ए गटाविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआप तयार होतात. आधी कधी रक्त मिळालेलं नसलं तरी पहिल्याच वेळी ए गटाचे थोडेसे मिलिलिटर त्याला मारू शकतात. बहुतेक मांजरं ए गटाची असतात, ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हॉन रेक्समध्ये बी बऱ्यापैकी सापडतो. "देशी आहे, ए गटच असणार" असा अंदाज करून रक्त लावू देऊ नका. गट तपासा आणि दोघांचं रक्त एकमेकांत मिसळून जुळणी पाहा.

दाता चार किलोच्या वरचा, घरातला, लस झालेला, ल्युकेमिया आणि एड्ससारख्या मांजरांच्या विषाणूंसाठी तपासलेला असावा. एका वेळी 40-50 मिलिलिटर घेतात. मांजर स्थिर बसत नाही म्हणून त्याला हलकी गुंगी द्यावी लागते, आणि दात्याच्या मालकाला हे आधी सांगायला हवं. आमच्या गोट्याला वर्तकनगरच्या एका बोक्यानं दिलं. त्या घरच्यांना मी त्या दिवसाआधी ओळखतही नव्हते. दुपारी दोन वाजता त्यांचा मुलगा स्कूटरवर टोपली घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बोक्यांपाशी बसून राहिला. त्याचे उपकार माझ्यावर जन्मभर आहेत.

ताज्या रक्तात किंवा ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मात आठवा आणि नववा दोन्ही असतात. जुन्या, नुसत्या थंड करून ठेवलेल्या रक्तात आठवा टिकत नाही. म्हणून बाटली कधीची आहे आणि गोठवलेली होती का, हे विचारायला संकोचू नका. आठव्या घटकाचा अंमल साधारण अर्ध्या दिवसात निम्मा होतो. एकदा प्लाझ्मा दिला आणि झालं, असं नसतं, मोठ्या जखमेला तो दिवसातून दोन-तीनदा, काही दिवस द्यावा लागू शकतो. खर्च, दाते आणि जागा तिन्हींची तयारी ठेवा. ठाण्यात जमलं नाही तर लोक परळला जातात. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं, आणि आवारातल्या रुग्णालयाला आपली मंडळी अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. निघण्याआधी फोन करून त्या वेळी काय होऊ शकतं ते विचारा, रात्रीचा हायवे मोकळा असला तरी अर्धमेल्या मांजराला तो फार लांब असतो.

आई आणि बहिणी

गोट्या आणि त्याचा काळा भाऊ, दोघे चिंगीचे. चिंगी तिरंगी आहे, आणि हा दोष कसा उतरतो हे समजायला तिरंगी मांजरासारखा सोपा धडा नाही. मांजराचा नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावरून येतो. 2025 साली शास्त्रज्ञांनी तो जनुकीय बदल नेमका शोधून काढला. मादीकडे दोन एक्स असतात, एकावर नारिंगी आणि दुसऱ्यावर काळा असला की अंगावर दोन्हींचे ठिगळ उमटतात. नराकडे एकच एक्स, तोही आईकडूनच आलेला, म्हणून तो नारिंगी तरी किंवा काळा तरी. आठव्या आणि नवव्या घटकांची जनुकंही ह्याच एक्सवर आहेत. चिंगीच्या एका एक्सवर दोष आहे, दुसरा धड आहे, म्हणून तिला स्वतःला काही होत नाही. तिच्या प्रत्येक मुलाला हा आजार मिळण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलीला तिच्यासारखी वाहक होण्याची शक्यता निम्मी. आजारी बोक्यापासून पिल्लं झाली तर मुलगे सगळे निरोगी आणि मुली सगळ्या वाहक.

एक सावधगिरी. "नारिंगी ते आजारी" असा हिशेब मांडू नका. ही जनुकं एकाच गुणसूत्रावर असली तरी पिल्लू घडताना दोन एक्समध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. आमच्याकडे गेला तो काळा आणि रक्ताळत राहिला तो नारिंगी.

आणि आईच्या कुळात कोणीच आजारी नव्हतं म्हणूनही हिमोफिलिया बाद होत नाही. दोष नव्यानं उपजू शकतो, गल्लीतल्या मांजरातही. फक्त विकतच्या जातींचं हे दुखणं आहे असं मला तीन जणांनी सांगितलं होतं. ते खरं नाही.

चिंगीची नसबंदी करायची ठरल्यावर तिचा एपीटीटी आधी काढला. वाहक मादीकडे तो घटक साधारण निम्मा असतो, आणि निम्म्यात एपीटीटी बहुधा नॉर्मल येतो, तिचाही आला. म्हणून नॉर्मल एपीटीटीवरून मादी वाहक नाही असं म्हणता येत नाही. मुलगे काय सांगतात ते पाहावं लागतं. वाहक मादीचं ऑपरेशन सहसा सुखरूप होतं. तरी डॉक्टरांनी सकाळी पहिलं तिचं घेतलं, म्हणजे रात्रीपर्यंत लक्ष ठेवता यावं, आणि वर्तकनगरच्या त्याच घरी फोन करून ठेवला होता. दाता लागला नाही.

तिची मुलगी सोनी कोपरीला एका शिक्षकांच्या घरी दिली होती. त्यांना हे सांगायला जाताना माझे पाय जड झाले होते. सरांनी वही काढून सगळं लिहून घेतलं, आणि तिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत हे तिथल्या तिथे ठरवलं. तुमच्याही मांजराची भावंडं कुठे कुठे गेली असतील, त्या प्रत्येक घरी फोन करा. मुलग्यांच्या घरी आधी करा.

घरात

गोट्या आता तीन वर्षांचा आहे. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी आहे, कपाटावर चढायला मधे दोन पायऱ्या केल्यात म्हणजे उडी छोटी होते. बाहेरच्या बोक्यांशी गाठ पडू देत नाही. नखं मीच कापते, फक्त टोक, गुलाबी भागाच्या बरंच अलीकडे. दात खराब होऊन काढायची वेळ येऊ नये म्हणून दर दोन दिवसांनी बोटाला मऊ कापड गुंडाळून दात पुसते.

लस त्याला देतो. दोष आहे म्हणून रेबीजची लस टाळू नका. ती कातडीखाली, मिळेल त्या सर्वांत बारीक सुईनं, आणि नंतर दहा मिनिटं दाबून. स्नायूत कोणतंही इंजेक्शन नाही, हे दर वेळी तोंडानं सांगते, कारण दवाखान्यात माणसं बदलतात. औषध तोंडानं देता येत असेल तर तोंडानं. मागच्या पावसाळ्यात त्याच्या खांद्याशी पुन्हा गाठ आली. सुईनं रक्त काढून मोकळी करायचं सुचवलं गेलं, आम्ही नको म्हटलं. आतलं रक्त बाहेरच्या बाजूनं दाब देतं आणि स्वतःच गळती रोखतं, ते काढलं की पुन्हा भरतं. गाठीच्या कडेनं पेनानं रेघ ओढून ठेवली आणि दर दोन तासांनी पाहिलं. गाठ रेघेपलीकडे गेली नाही. दहा दिवसांत ती हिरवट-पिवळी होऊन विरली.

फ्रिजवर एक कार्ड लावलंय, त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या आणि सोनीच्या सरांच्या मोबाइलमध्ये आहे. त्यावर लिहिलंय: गोट्या, नर, हिमोफिलिया. रक्तगट ए, तपासलेला. मानेतून रक्त काढू नये, स्नायूत सुई नको, दुखण्याची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आधी रक्त मिळालेलं आहे, म्हणून पुढच्या वेळी जुळणी करूनच द्यावं. त्याखाली दात्यांच्या घरांचे तीन नंबर आहेत, आणि चौथ्यासाठी रिकामी ओळ आहे.